शेजारच्या आजोबांच्या हक्काविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकेतल्या आमच्या सेंट पॉल शहरातल्या शेजारच्या ह्मोंग (म्हणजे मूळच्या लाओसच्या डोंगराळ भागातल्या जमातीच्या) आजोबांना इथल्या सैनिकी दफनभूमीत जागा मिळेल का, असे तुम्ही विचारले होते. मिळू शकेल, मात्र ते ज्यात लढले ते लाओसमधले युद्ध १९७५ साली संपले आणि हा हक्क मिळायला २०१८ उजाडले.

सीआयएने लाओसमध्ये ह्मोंग आणि लाओ तरुणांची गुप्त फौज उभी केली होती. पाडल्या गेलेल्या विमानांतल्या अमेरिकी वैमानिकांना सोडवून आणण्याचे कामही या तरुणांनी केले; पण अमेरिकी सैन्याच्या पटावर त्यांची नावे कधीच नसल्याने कायद्याच्या लेखी ते माजी सैनिक ठरत नव्हते. त्यांचे सेनापती वांग पाव २०११ साली कॅलिफोर्नियात वारले, तेव्हा वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत त्यांना जागा नाकारली गेली, आणि तिथेच १९९७ पासून लाओसमध्ये लढलेल्यांचे स्मारक आहे! (तुमच्या पलटणीत असे घडले असते तर तुम्ही काय म्हटले असते, ते मी इथे लिहीत नाही.)

२३ मार्च २०१८ च्या कायद्याने माजी सैनिक खात्याच्या राष्ट्रीय दफनभूमी त्यांना खुल्या झाल्या. आर्लिंग्टन लष्कराच्या अखत्यारीत असल्याने तिथला प्रश्न तसाच राहिला. त्या दिवशी किंवा त्यानंतर वारलेल्यांनाच हा लाभ मिळतो, त्यामुळे आजोबांचे आधी गेलेले थोरले बंधू त्यात बसत नाहीत. २००० च्या विशेष कायद्याने, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची अट माफ होऊन, ज्यांना नागरिकत्व मिळाले, त्यांचे काम सोपे आहे. आजोबांना ते नेहमीच्या मार्गाने मिळाले असल्याने २८ फेब्रुवारी १९६१ ते ७ मे १९७५ या काळातली त्यांची सेवा खात्याला पटावी लागेल. गुप्त फौजेतल्या माणसाने सेवापुस्तिका कुठून आणायची? त्यांच्याजवळ गणवेशातला एक डागाळलेला फोटो आहे आणि सोबत लढलेले दोन वृद्ध मित्र आहेत.

मंजूर झाल्यास फोर्ट स्नेलिंग या इथल्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा, शिळा आणि कायमची देखभाल विनामूल्य मिळते. पण ह्मोंग रीतीत अंत्यविधी कित्येक दिवस चालतात आणि कबरीसाठी डोंगरउतार पाहतात. तिथे तर सपाट जमिनीवर एकसारख्या रांगा आहेत, म्हणून आजी अजून राजी नाहीत. आजोबांना मात्र कागद आत्ताच पुरे करायचे आहेत.

बाबा, दिवंगत सहकाऱ्यांच्या पत्नींच्या पेन्शनसाठी तुम्ही साक्षीदारांचे जबाब लिहून देत होता, त्यांत तुकडी, ठाणे आणि अधिकाऱ्याचे नाव कोणत्या क्रमाने घालत होता, ते सविस्तर कळवावे. रविवारी मी त्या दोघा मित्रांचे म्हणणे लिहून घेणार आहे.

आपली,
धाकटी