डब्लिनचे डॉन खूप झाले, उधारीचं कोण लिहिणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडच्या ड्रग माफियावर पानभर लेख आला होता. आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तो लगेच फिरला, सगळ्यांनी "बापरे" लिहिलं आणि विषय संपला. लेखकानं मेहनत घेतलीय, चुकीचं असं फारसं काही नाही त्यात, पण अख्खा लेख किनाहन कुटुंब, दुबई, बॉक्सिंग आणि रीजन्सी हॉटेल यातच आटोपला. म्हणजे पूर्वी मुंबईच्या गँगवॉरवर जे यायचं तेच, फक्त नावं गोऱ्यांची. मी डब्लिनला राहते, फार्मसीत काम करते, आणि हा धंदा रोज काउंटरच्या पलीकडून बघते म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, हवं तर कापा, पण उधारीचा भाग कापू नका एवढी विनंती.

रीजन्सीचं खरंच आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये बॉक्सिंगच्या वेट-इनला (मॅचआधी खेळाडूंचं वजन करतात त्या कार्यक्रमाला) पोलिसांसारखे कपडे घालून एके-47 घेतलेली माणसं हॉटेलात घुसली, एक जण मेला, आणि किनाहन आणि हच या दोन कुटुंबांच्या टोळ्यांच्या भांडणात मागचे-पुढचे धरून 18 च्या आसपास माणसं गेली. त्यातल्या काहींचा या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता, माणूस ओळखायला चूक झाली म्हणून गोळ्या घातल्या. अमेरिकेनं 2022 मध्ये किनाहन बाप आणि त्याची दोन मुलं अशा तिघांवर प्रत्येकी 50 लाख डॉलरपर्यंत बक्षीस लावलं, ते पण छापलंत. पण आता दुसरा आकडा बघा. 2021 या एका वर्षात आयर्लंडमध्ये ड्रग पॉयझनिंगनं 354 माणसं मेली, देश केवढा तर पन्नास-बावन्न लाखांचा. यात दारू आणि डॉक्टरनी दिलेल्या गोळ्या यांचं मिश्रणही धरलेलं असतं, तरी पण. गँगवॉरच्या प्रत्येक मढ्याचा फोटो पहिल्या पानावर येतो, ही 354 माणसं तुमच्या लेखात एका वाक्यातही नाहीत.

हे आजचं नाही. हेरॉइन डब्लिनमध्ये घुसलं 1979-80 च्या सुमाराला, आणि घुसलं कुठं तर नदीच्या उत्तरेला सरकारी फ्लॅट्समध्ये, जिथल्या बापांची गोदीतली कामं कंटेनर आल्यावर गेली होती आणि पोरांना काम लागतच नव्हतं. डॉ. जॉन ब्रॅडशॉ यांनी 1982-83 मध्ये त्या भागातल्या 15 ते 24 वयाच्या पोरापोरींचा सर्व्हे केला तर साधारण 10 टक्के पोरं वर्षभरात हेरॉइन घेतलेली निघाली. दहात एक! सरकारला आकडा मिळाला, थोडी पळापळ झाली आणि पुढं फार काही झालं नाही. टोनी ग्रेगरी नावाचे अपक्ष आमदार (इथं टीडी म्हणतात) संसदेत ओरडून सांगत होते, त्यांचं मतदारसंघापुरतं गाऱ्हाणं म्हणून ऐकून घेतलं जायचं. मग आईबापच रस्त्यावर उतरले, कन्सर्न्ड पेरेंट्स अगेन्स्ट ड्रग्स अशी संघटना काढली, डीलरच्या दारात मोर्चे न्यायचे, सामानासकट बाहेर काढायचे. त्या लोकांबद्दल मला आदर आहे पण ते सगळं सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही, कारण 1996 मध्ये अशाच एका जमावानं आजारी व्यसनी माणसाला मारून टाकलं. पोलीस येत नाहीत म्हणून लोकांनी काठी हातात घेतली की ती शेवटी सगळ्यात दुबळ्याच्याच पाठीत बसते. आणि त्या काळात एकच सुई चौघांत फिरायची, त्यातून एचआयव्ही पसरला, काही घरांत दोन-दोन तीन-तीन भावंडं गेली. त्यांच्या आठवणीसाठी बकिंगहॅम स्ट्रीटच्या टोकाला एक दगडी दरवाजा उभारलाय, आत सोनेरी ज्योत. टुरिस्ट बस तिकडून जात नाही.

देश जागा झाला तो 1996 मध्ये. 26 जूनला नेस रोडवर व्हेरोनिका गेरिन या पत्रकार बाई सिग्नलला थांबल्या होत्या, मोटरसायकलवरून दोघं आले आणि गोळ्या घातल्या. त्याआधी वर्ष-दीड वर्षांपूर्वी त्यांच्या घरी येऊन पायात गोळी मारली होती, तरी त्यांनी लिहिणं सोडलं नव्हतं. नंतर काय झालं ते खरंच बघण्यासारखं आहे, काही आठवड्यांत संसदेनं कायदा केला आणि ऑक्टोबरपर्यंत क्रिमिनल ॲसेट्स ब्युरो उभा राहिला. पोलीस, टॅक्सवाले आणि सोशल वेल्फेअरवाले एकाच छताखाली, आणि गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघायची नाही, हा बंगला, ही घोड्यांची शाळा कुठल्या पैशातून आली ते कोर्टात सांग नाहीतर सोड. जॉन गिलिगन या ड्रग डॉनचं किल्डेअरमधलं हॉर्स सेंटर असंच गेलं, तो वीसेक वर्षं कोर्टात भांडत राहिला ते वेगळं. ब्युरो चांगलाच आहे, दुसऱ्या देशांतले लोक बघायला येतात. माझा राग वेगळाच आहे, फ्लॅट्समधली पोरं पंधरा-सोळा वर्षं मरत होती तेव्हा हे छत का नाही बांधलं? आणि जप्तीचा पैसा कितीतरी वर्षं थेट सरकारी तिजोरीत गेला, ज्या गल्ल्यांमधून तो कमावला तिथं यावा म्हणून वेगळा फंड निघायला 2021 उजाडलं.

आता उधारीचं. आमच्या फार्मसीत सकाळी मेथाडोनवाले येतात. हेरॉइनच्या जागी देतात ते हिरवट औषध, इथले लोक त्याला 'फाय' म्हणतात. बऱ्याच जणांना समोरच प्यायला लागतं, पिऊन झाल्यावर दोन शब्द बोलायचे म्हणजे तोंडात ठेवलं नाही ना ते कळतं, तेवढ्यात हवापाणी, फुटबॉल, गुडघेदुखी सगळं निघतं. यातले कितीतरी आता पन्नाशीचे आहेत, ऐंशी-नव्वदच्या दशकातलीच पोरं ती, जी वाचली ती. कुणाचं खासगी इथं सांगणार नाही, पण त्या भागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. भीती ड्रगची कमी आणि 'डेट'ची जास्त आहे, कर्जाची.

कसं होतं सांगते. पोरगं शनिवारी कोकेन उधार घेतं, देणारा ओळखीचाच, शाळेतला, गल्लीतला. दोनशे-तीनशे युरो. पुढच्या आठवड्यात परत. पैसे नाही दिले की आकडा वाढतो, किती वाढेल ते देणारा ठरवणार. मग तो म्हणतो, काही नाही रे, ही पिशवी तुझ्या खोलीत ठेव, थोडं फिटलं समज. पोरगं ठेवतं. पोलिसांनी धाड टाकून ती पिशवी नेली तर त्यातल्या मालाची किंमत पण पोराच्याच खात्यावर! म्हणजे पोलिसांच्या बातमीत 'यशस्वी कारवाई' आणि इकडे एका घरावर कर्जाचा डोंगर. आमच्या सांगलीकडं जुन्या सावकारीत जमीन जायची, इथं पोरगं जातं, तेच मग माल पोचवायला लागतं, चौदा-पंधरा वर्षांचं. आणि तरी नाही फिटलं की माणसं आईच्या दारात येतात. खिडकी फुटते, गाडी जळते. आई गुपचूप क्रेडिट युनियनमध्ये (आपल्याकडची पतसंस्था) जाऊन किचन दुरुस्तीच्या नावानं लोन काढते आणि भरते, आणि दोन महिन्यांनी परत कुणीतरी येतो कारण एकदा भरलं म्हणजे ही बाई भरते हे त्यांना कळलेलं असतं. गार्डांकडं, म्हणजे इथल्या पोलिसांकडं, यासाठी प्रत्येक विभागात एक इन्स्पेक्टर नेमलेला आहे, तक्रार न नोंदवता नुसता सल्ला पण मिळतो, चांगली सोय आहे. पण जायचं कसं? देणाऱ्याची आई समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते.

यावर 2024 मध्ये एक कायदा आला, मुलांना गुन्ह्यात ओढणाऱ्या मोठ्यांना त्याचीच वेगळी शिक्षा. त्यामागं लिमरिक युनिव्हर्सिटीतल्या लोकांचं बऱ्याच वर्षांचं संशोधन आहे. यावर लेख करा ना कधीतरी.

आणि हे फक्त गरीब वस्तीचं राहिलेलं नाही हो. 2022 मध्ये पहिल्यांदाच असं झालं की उपचाराला येणाऱ्यांत मुख्य ड्रग म्हणून कोकेन हेरॉइनच्या पुढं गेलं. खेड्यातल्या पबात, लग्नात, मॅच झाल्यावर, सगळीकडं. नोकरीवाले, घराचे हप्ते भरणारे लोक. यातलेच काही जण ऑफिसात जेवताना गँगवॉरच्या बातम्या वाचून "काय चाललंय या देशात" म्हणतात, आणि शुक्रवारी तोच माल मागवतात, फोनवर, पिझ्झापेक्षा लवकर येतो म्हणे. हेरॉइनवाल्याला निदान सगळे शिव्या घालतात, याला कुणीच काही म्हणत नाही. डब्लिनच्या टाला उपनगरासारख्या भागात तर क्रॅक, म्हणजे जाळून ओढायचं कोकेन, वाढलंय, आणि 2023 च्या नोव्हेंबरमध्ये हेरॉइनच्या नावाखाली नायटाझीन (हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल कृत्रिम ड्रग) मिसळलेली पावडर डब्लिनमध्ये आली, काही दिवसांत पन्नासच्या वर ओव्हरडोस झाले, त्या आठवड्यात आम्हाला काउंटरवर प्रत्येकाला थांबवून सांगावं लागत होतं.

माल येतो समुद्रातून, किनारा एवढा मोठा आणि नेव्हीकडं माणसं कमी. 2007 मध्ये वेस्ट कॉर्कला मिझन हेडजवळ दीड टन कोकेन लाटांवर तरंगताना सापडलं, का तर रबरी बोटीच्या पेट्रोल इंजिनात कुणीतरी डिझेल भरलं होतं. हसू येतं, पण विचार करा, बरोबर इंधन भरलेल्या बोटी किती गेल्या असतील. सप्टेंबर 2023 ला एमव्ही मॅथ्यू या जहाजावर हेलिकॉप्टरमधून दोर सोडून आर्मी रेंजर्स उतरले, 2.2 टन कोकेन, किंमत 15 कोटी 70 लाख युरो, आयर्लंडच्या इतिहासातली सगळ्यात मोठी जप्ती. 2025 मध्ये आठ जणांना मिळून 129 वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा झालेले कोण तर जहाजावरचे युक्रेन, इराण, फिलिपिन्स असे कुठले कुठले खलाशी आणि साखळीतले खालचेच लोक, ज्यांचा माल होता ते त्या पिंजऱ्यात नव्हते.

आता आपल्या लोकांचा संबंध. 2022 च्या जनगणनेत इथं 45 हजारांवर भारतीय नागरिक होते, आणि दर वर्षी पुण्या-नाशकातून मास्टर्सला पोरं येतायत. त्यांच्या आईबापांना मी हे सांगते, पोरगं ड्रग घेईल ही भीती तुम्हाला आहेच, दुसरी एक आहे ती कुणी सांगत नाही. कॉलेजच्या पोरांना इन्स्टावर मेसेज येतो, तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढं पाठव, शंभर-दोनशे तुला ठेव. भाडं डोंगराएवढं, पार्टटाइम मिळत नाही, पोरगं हो म्हणतं. याला इथं 'मनी म्यूल' म्हणतात, बँका आणि गार्डा सारखे इशारे देतायत. तो पैसा फसवणुकीचा असेल नाहीतर ड्रगचा असेल, पोराला माहीत नसतं आणि कायदा विचारत नाही. मनी लाँडरिंगला इथं 14 वर्षांपर्यंत जेल आहे. व्हिसाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. तुमच्या करिअर पुरवणीत 'आयर्लंडमध्ये शिक्षणाच्या संधी' छापता ना, त्याखाली चौकटीत एवढं छापा.

लेखात लिओ वराडकरांचं नाव आलंय, मालवण तालुक्यातल्या वराडचे म्हणून. येणारच, आपल्याला कौतुक. पण ते पंतप्रधान असताना 2023 मध्ये ड्रग्सवर नागरिकांची सभा बसवली होती ते नाही आलं. शंभरेक लोक, बहुतेक चिठ्ठ्या टाकून निवडतात तशी साधी माणसं, महिनोन्‌महिने ऐकून घेतात आणि शिफारशी करतात. त्यांनी सांगितलं, ड्रग घेणाऱ्याला आधी दवाखाना दाखवा, कोर्ट नंतर. 36 शिफारशी दिल्या. वराडकर एप्रिल 2024 ला पंतप्रधानपदावरून गेले, त्या शिफारशींचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याच हच कुटुंबातला जेरी हच उभा राहिला, रीजन्सीच्या खटल्यातून 2023 मध्ये निर्दोष सुटलेला, आणि नदीच्या उत्तरेच्या त्याच भागात, नॉर्थ इनर सिटीत, तीन हजारांवर पहिल्या पसंतीची मतं घेऊन थोडक्यात पडला. बाहेरचे लोक हसले. मला हसू आलं नाही. ज्या गल्लीत चाळीस वर्षं सरकार फक्त प्रेताच्या मागून येतं तिथं लोक कुणाला मत देतील?

एक काम मात्र झालंय. डिसेंबर 2024 मध्ये डब्लिनच्या 'मर्चंट्स की' या भागात सुईनं ड्रग घेणाऱ्यांसाठी देखरेखीखालची जागा उघडली, नर्स शेजारी असते, सुई स्वच्छ, ओव्हरडोस झाला तर तिथंच उपचार. कायदा 2017 चा, जागा उघडायला सात वर्षं लागली कारण शेजारी प्राथमिक शाळा आहे, शाळा कोर्टात गेली. शाळेला मी नावं ठेवणार नाही, माझी पोरं त्या शाळेत असती तर मीही सही केली असती. पण सगळी केंद्रं, सगळे दवाखाने, सगळी हॉस्टेलं त्याच दोन-चार गरीब पिनकोडांत कशाला? कोकेन तर फॉक्सरॉक आणि बॉल्सब्रिजसारख्या श्रीमंत भागांत पण जातं. पुढचं केंद्र तिकडं काढा म्हणावं, मग कोर्टात कोण कोण जातं ते बघू.

आपली,
एक मराठी वाचक, डब्लिन
(नाव छापू नये, याच भागात नोकरी आहे.)