नाताळच्या आठवड्यात काका आमच्याकडे

स्टुटगार्ट,
3 जानेवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आठवडाभर फोनवर धड बोलले नाही म्हणून आई रुसली आहे, असं ताईकडून कळलं. अगं, घरात अकरा माणसं असली की फोन एका हातात राहतच नाही. तुम्हीही प्रत्येकाला 'जेवलास का' एवढंच विचारलंत आणि फोन पुढे गेला. शिवाय काही गोष्टी काकांच्या देखत बोलण्यासारख्या नव्हत्या. त्या आता लिहायला बसले आहे. बाबा, पत्र मध्येच सोडून पेपर उघडू नका. तुमच्या कामाचं शेवटाकडे आहे.

तर काका-काकू, मीनू, अमोल आणि त्यांची दोन्ही पोरं 23 ला संध्याकाळी आइंडहोवनहून गाडीने आली. इथला नाताळचा बाजार त्याच रात्री आवरतो, त्यामुळे मीनूने पोरांना कबूल केलेला पाळणा हुकला आणि आमच्या दारात पहिलं दर्शन झालं ते तन्वीच्या रडण्याचं. दुसऱ्या दिवशी निखिलचा मावसभाऊ समीर आणि प्राची म्युनिकहून दोन रात्रींसाठी आले. आमचं घर तीन खोल्यांचं. इथे तीन खोल्या म्हणजे हॉल धरून तीन. न्हाणीघर एक. काका-काकूंना आमची खोली दिली, मीनूचं बिऱ्हाड ईशानच्या खोलीत, आणि उरलेले आम्ही हॉलमध्ये. हवा भरायच्या गादीतली हवा पहाटेपर्यंत निघून जायची आणि समीर जमिनीला टेकलेला असायचा. त्याची तक्रार काही नव्हती, पण म्युनिकला लवकर परतला खरा.

काकांची अडचण वेगळीच. साडेचारला जाग, आणि उठल्याबरोबर आंघोळ. आमची इमारत जुनी, नळ सोडला की भिंतीतले पाइप घुमतात, आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही हा इथला दंडक. काकांना सांगितलं, सहापर्यंत थांबा. इथे या दिवसांत उजाडतं सव्वाआठला. म्हणजे सूर्य नाही, आंघोळ नाही, पेपर नाही. बिचारे स्वयंपाकघरात दिवा लावून आलं किसत बसायचे. मी उठेपर्यंत चहा तयार. सासरी-माहेरी मला इतका आयता चहा कुणी दिला नव्हता, आई, तू सोडून.

खरी कसरत किराण्याची. 25 आणि 26 दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. 24 ला दुपारपर्यंत दुकानं मिटतात. यंदा 25 तारीख गुरुवारी आली. म्हणजे गुरुवार-शुक्रवार बंद, शनिवारी उघडी, रविवारी पुन्हा बंद, कारण रविवारी इथे दुकानं उघडतच नाहीत. 'अगं, चौकातून चटकन कोथिंबीर घेऊन ये' हे वाक्य इथे चालत नाही. काकूंनी यादी केली, निखिल आणि अमोल 24 ला सकाळी गेले आणि दोन तास रांगेत उभे राहून आले. दूध, दही, बटाटे सगळं आणलं, मीठ विसरले. मीठ शेवटी तळमजल्यावरच्या आजींकडून मागून आणलं.

काकू पहिल्या दिवशी पाहुण्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून माझे डबे त्यांनी त्यांच्या क्रमाने लावले. खरं सांगते, मला राग आला. मोहरीचा डबा सापडेना तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, थंडीत. पण त्यात प्राचीने कोल्हापुरी हट्टाने मटणाचा बेत मांडला आणि काकूंनी 'माझी कढई त्यात नको' म्हणून जाहीर केलं, तेव्हा मला कळेना की ती कढई त्यांची कधी झाली. मग दोन कढया ठरल्या, दोन पळ्या ठरल्या, आणि जेवायला बसल्यावर काकूंच्या ताटाशेजारीच काकांनी रश्श्याची वाटी ठेवली. काकूंनी न बघितल्यासारखं केलं. रविवारी सगळं संपलं तेव्हा पिठलं-भात झाला, आणि तो आठवड्यातला सगळ्यात शांतपणे जेवलेला बेत.

पोरांचं सांगते. तन्वी आणि अर्णव आपसात डच बोलतात, ईशान जर्मन. पहिले काही तास तिघं एकमेकांकडे बघत बसली. मग खेळायचं तर बोलायला हवं, आणि तिघांना येणारी भाषा एकच निघाली, ती मराठी. ती कोणाची मराठी? तर अमोलची. आता ईशान मला 'मले पायजे' म्हणतो आणि मी 'काय पाहिजे' विचारलं की 'कायले विचारते' म्हणतो. साताऱ्याच्या नातवाला नागपूरची बोली स्टुटगार्टमध्ये लागली. आई, फोनवर ऐकशील तेव्हा हसू नकोस, नाहीतर तो बोलायचाच थांबेल. बाकी पोरांनी रिकाम्या बाटल्या गोळा करून ठेवल्या, कारण इथे प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की 25 सेंट मिळतात. शनिवारी दुकान उघडल्यावर त्यांनी आमच्याच बाटल्यांचे पैसे आमच्यासमोर वाटून घेतले.

आता काकांकडे येते.

या भागात एक रीत आहे, केरवोखे म्हणतात. इमारतीतल्या एकेका घराकडे आठवड्याची पाळी असते: जिना झाडायचा-पुसायचा, दरवाजापुढचा फुटपाथ झाडायचा, बर्फ पडला तर तोही सकाळी लवकर ओढायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. ही पद्धत काही शतकं जुनी आहे. स्टुटगार्टच्या पालिकेने 1988 मध्ये तिची सक्ती काढून टाकली, पण आमच्या भाडेकरारात ती आहेच. आणि पाटी नेमकी पाहुण्यांच्या आठवड्यात आमच्या दाराला. मी काकांना सांगितलंही नव्हतं. शनिवारी सकाळी बघते तर काका स्वेटर-मफलर घालून, झाडू घेऊन तिसऱ्या मजल्यावर. 'पाटी लागली आहे ना, मग?' म्हणाले.

तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, काकांना जर्मन. आजींनी बोटाने कठड्याखालचा कोपरा दाखवला. काकांनी तो झाडला. आजींनी पायपुसणं उचलायला लावलं, काकांनी उचललं. मला वाटलं काका आता चिडतील. बाबा, तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना कोणी काम शिकवलेलं चालत नाही. पण ते खूश! 'बाई कडक आहे. आमच्या रेल्वेच्या सेक्शनला असती तर रुळांचे सांधे धरणारी एक फिशप्लेट सैल राहिली नसती' म्हणाले. दुपारी आजींनी नाताळच्या बिस्किटांचा डबा आणून दिला, तो फक्त काकांच्या हातात. आम्हाला इथे राहून इतकी वर्षं झाली, आम्हाला नाही कधी दिला.

रविवारी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न होता. मीनूला वाटत होतं गाड्यांचं संग्रहालय. काकांना मी निखिलबरोबर दातेरी रेल्वेला पाठवलं आणि मागून मीही गेले. मारिएनप्लात्झपासून वर डेगरलोखपर्यंत जाणारी छोटी गाडी, 1884 पासून चालते. दोन रुळांच्या मध्ये दातांची पट्टी, त्यात गाडीचं चाक अडकतं आणि ती सरळ टेकडीवर चढते. लोक तिने कामाला जातात, पुढच्या उघड्या डब्यात सायकली लावतात. काका चालकाच्या मागच्या काचेला चिकटून उभे. चढ सहाला एकहून जरा जास्तच आहे हे कळल्यावर ते गप्पच झाले. मग म्हणाले, 'आपला बोरघाट सदतिसाला एक. तेवढ्याला कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात, आणि मी उभी नोकरी त्या घाटात काढली.' वरचा टीव्हीचा मनोरा 1956 चा आहे, काँक्रीटचा जगातला पहिला, असं निखिल सांगत होता. काकांनी एकदा मान वर केली आणि परत रुळांकडे बघायला लागले. खाली उतरल्यावर मुख्य स्टेशन दाखवलं. ते आपल्या सीएसएमटीसारखं, गाड्या येऊन थांबतात आणि उलट्या निघतात. त्याच्या खाली नवं आरपार स्टेशन बांधायला 2010 मध्ये घेतलं, 2019 ला उघडायचं होतं, अजून चालूच आहे. खर्च 11 अब्ज युरोंच्या पुढे गेला. 'म्हणजे जर्मन लोकांनाही होतं असं' हे काका आठवडाभरात सर्वांत आनंदाने म्हणाले असतील.

आपला वाडा बिल्डरला द्यायचा विषय वरच्या स्टेशनवर, परतीच्या गाडीची वाट बघताना निघाला. तो त्यांनीच काढला, मी नाही. 'दादाला वाटतं मी सही अडवून धरली आहे' म्हणाले.

बाबा, मलाही तसंच वाटत होतं. तुम्ही पाठवलेला मुखत्यारपत्राचा मसुदा मीनूकडे दोन महिने पडून आहे, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. काकांचं म्हणणं असं: परदेशात वकिलातीत जाऊन सही करायची, मग तो कागद तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा, एवढा खटाटोप कशाला, परतल्यावर समोर बसून करू. आणि समोर बसायचं आहे कारण त्यांना एक मागायचं आहे, ते कागदावर लिहिलं की भांडण वाटेल.

बिल्डर तुम्हा तिघांना, तुम्हाला, काकांना आणि आत्याला, एकेक टू बीएचके देणार. काकांना त्यात वाढीव काही नको. त्यांना हवं आहे की तिघांनी शंभर-शंभर चौरस फूट सोडावेत आणि तळमजल्यावर तीनशे फुटांची एक खोली न्हाणीघरासह काढावी. तिघांच्या नावावर. भाड्याने द्यायची नाही. दिवाळीला, मे महिन्यात जो येईल त्याने तिथे उतरायचं. 'दादा म्हणतो सगळे एकमेकांकडे राहतील. दोन खोल्यांत राहतील दोन वर्षं, मग हॉटेलात उतरतील, मग यायचे थांबतील' असं म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं नाही. मी विचारलं, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, झाडणार कोण, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे? आत्याचे चिरंजीव वर्षभर तिथेच तळ ठोकतील, त्याचं काय? काका म्हणाले, खर्च तिघांत, आणि पाटी फिरवायची, तुमच्या इमारतीत फिरते तशी. आत्याच्या चिरंजीवांचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

बाबा, तुमची बाजू मला माहीत आहे. शंभर फूट म्हणजे तुमचं देवघर आणि आईची शिवणाची जागा. वाडा पडायला आला तेव्हा कौलं तुम्ही एकट्याने बदललीत, काकांनी नाही, हेही खरं. तरी माझं मत विचारलंत तर खोली असावी. आम्ही अकरा जण इथे आठवडा काढला तो मजेत काढला, पण तो निघाला कारण सगळ्यांना माहीत होतं की संपणार आहे. काकू डबे लावून परत जाणार होत्या म्हणून मी बाल्कनीतून आत आले. दर दिवाळीला आईने हे का करावं? इतकी वर्षं वाड्यात माडी होती, मागची खोली होती, म्हणून आत्या आणि तू, आई, एकमेकींना चार दिवस सोसू शकलात. आता लिहिलं आहेच तर खोडत नाही.

काका 18 तारखेला मुंबईत उतरतील आणि कर्जतला जातील. तुम्ही तिकडे जा. त्यांना साताऱ्याला बोलावू नका. तुम्ही मोठे आहात, तुम्ही गेलात की अर्धं काम झालं. तोवर बिल्डरला सांगा की नकाशा पालिकेत मंजुरीला टाकू नको. एकदा आत गेला की बदलायला वेळ आणि पैसा दोन्ही जातील, आणि मग तो म्हणेल तेच खरं.

इथे सहा तारखेला पुन्हा सुट्टी आहे, मग शाळा सुरू. ईशान मजेत. निखिलचा नमस्कार.

तुमची,
वैशू

ता. क. आई, हे वाचून झालं की लगेच आत्याला फोन लावू नकोस. बाबांना काय वाटतं ते आधी मला कळव.