माटुंग्याहून बाळ्यास

माटुंगा (पूर्व), मुंबई
शुक्रवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

पोरगी व्हीजेटीआयला, इंजिनिअरिंगला लागली! अभिनंदन तिचं. तुझं कशाला करू, तुला बारावीला गणितात किती पडले होते ते मला पाठ आहे. वहिनींनी मात्र मुंबईचा धसका घेतलाय असं दिसतंय. तू फोनवर मला धड बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

वहिनी, पोरगी येतेय ती माटुंग्याला, आणि इथे मुंबई जरा दमानं चालते. १८९६ साली प्लेगनं दाटीवाटीच्या वस्त्यांमधली माणसं पटापट नेली, म्हणून १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्या ट्रस्टनं पुढे दादर-माटुंगा आखून वसवलं. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, बुटक्या इमारती, दोन घरांमध्ये हवा खेळायला जागा. त्या आखणीवर आम्ही अजून जगतोय. फाइव्ह गार्डन्सला संध्याकाळी आजोबांचे कट्टे भरतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि व्हीजेटीआयची मुलं बाकांवर बसून अभ्यासाचं सोंग करतात. तुझीही करेल.

गंमत म्हणजे रस्त्यांना नावं आपल्या लोकांची, भांडारकर, तेलंग, भाऊ दाजी, आणि कानावर तमिळ, मल्याळम, कोकणी, कच्छी. आमच्या मजल्यावर एक मामी राहतात, पालक्काडच्या. आमच्याकडे पुरणपोळी झाली की त्यांच्याकडे ताट जातं, आणि ते ताट रिकामं म्हणून कधी परत आलेलं नाही.

आस्तिक समाजाच्या देवळापाशी फुलवाल्या बसतात. गजरा फुटपट्टीनं मोजायचा नाही. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मामी बाजारात गेल्या की लांब हाताची बाई शोधतात. एकदा नेहमीची बाई नव्हती, तिची ठेंगणी सून बसली होती. मामींनी स्वतःचा हात पुढे केला, ‘ह्यावर मोज.’ सुनेनं मान हलवली आणि म्हणाली, मग भावही तुमच्या हाताचा लागेल. हे सगळं तोडक्यामोडक्या मराठीत चाललं होतं. मी पिशवी धरून शेजारी उभा, हसू दाबत.

गाण्याचं वेड तुला माहीतच आहे. षण्मुखानंद आमच्यापासून पायी अंतरावर. जवळजवळ ३,००० खुर्च्यांचं थेटर, १९६३चं. १९९०ला आगीत जळालं आणि १९९८ला पुन्हा उभं राहिलं. मला कर्नाटक संगीत ओ की ठो कळत नव्हतं. मामींनी एका मैफलीला शेजारी बसवून आदितालाची मात्रा मांडीवर मोजायला शिकवली: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा टाळी, हात उलटा, टाळी, हात उलटा. झाल्या आठ. आता मृदंगवाला समेवर आला की माझाही हात बरोबर पडतो. बऱ्याचदा. आणि मराठी नाटकाची हुक्की आली तर रूळ ओलांडून पश्चिमेला यशवंत नाट्यमंदिर आहेच.

खाण्याचं लिहीत नाही, तू उगाच जळशील. एवढंच सांगतो, मेसचा कंटाळा आला तर स्टेशनजवळ १९४२ पासूनचं रामा नायक यांचं उडुपी आहे. केळीच्या पानावर जेवण. भात वाढणारा ‘पुरे’ ऐकतच नाही. रविवारी सकाळी रामाश्रयला जायचं असेल तर रांगेत उभं राहायची तयारी ठेवायची, आणि परक्या माणसांबरोबर एकाच टेबलावर बसायची.

सगळं गोडगोड नाही हं. जोराचा पाऊस झाला की गांधी मार्केट आणि किंग्ज सर्कलला पाणी भरतं. त्या दिवशी तिला कॉलेजातच थांबायला सांग. गाड्या लावायच्या जागेवरून रोज भांडणं. आणि जुन्या इमारती एकेक करून पाडल्या जातायत. भाडी जुन्या कायद्यानं गोठलेली, मालकाला डागडुजी परवडत नाही, मग बिल्डर येतो. आमच्याही बिल्डिंगमध्ये पुनर्विकासाच्या सह्या चालू आहेत. हिला लिफ्ट हवी आहे, गुडघे बोलतात. मलाही गळकं छत नको आहे. पण तिथे टॉवर आला की खिडकीसमोरचं पर्जन्यवृक्षाचं झाड राहणार का, हे विचारलं तर मीटिंगमध्ये सगळे घड्याळ बघतात. मी अजून सही केलेली नाही. हिच्याशी अबोला चालू आहे तो त्यावरूनच. तू आलास की तिच्यासमोर माझी बाजू घे, निदान जेवणापर्यंत.

आता कामाचं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघा आणि दादरलाच उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. तिथून मध्य रेल्वेची स्लो लोकल, पुढचंच स्टेशन माटुंगा. फास्टमध्ये चढलात तर माटुंगा बघत बघत कुर्ल्याला पोचाल. ‘माटुंगा रोड’ हे पश्चिम रेल्वेचं, ते वेगळं. रिक्षा शोधू नकोस, इथे चालत नाहीत. सामान जास्त असेल तर सरळ दादरहून टॅक्सी कर. माटुंगा स्टेशनवर २०१७ पासून सगळा कारभार बायकाच सांभाळतात, हे वहिनींना मुद्दाम सांग, त्यांना बरं वाटेल.

हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत पोरगी आमच्याकडे. यावर चर्चा नको. गणपतीच्या दिवसांत आलात तर किंग्ज सर्कलचा जीएसबीचा, म्हणजे गौड सारस्वतांचा, गणपती पाहून जा; पाचच दिवस असतो, १९५५ पासूनचा.

सांगलीचं भडंग आण. दोन किलो. एक किलो मामींना जाईल.

तुझाच,
नान्या

ता. क. वहिनींनी लोणचं दिलं तर बरणी स्टीलची असू दे. मागच्या खेपेला काचेची फुटून तुझ्या धोतराला कैरीचा वास महिनाभर होता म्हणे.