पेशवेकालीन कपाटाच्या पाठीवर आयएसआयचा शिक्का

पुणे
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी यांस

विषय : ‘अस्सल जुने’ म्हणून विकलेल्या कपाट, आरामखुर्ची व झोपाळ्याचे खोटे वर्णन, मालातील दोष आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मे महिन्यात आपल्या संकेतस्थळावरून मी तीन वस्तू मागवल्या. काचेच्या दारांचे सागवानी कपाट (₹ ६८,०००), वेताची आरामखुर्ची (₹ २४,५००) आणि पितळी कड्यांचा झोपाळा (₹ ४२,०००). एकूण ₹ १,३४,५००, सगळे आगाऊ. जूनच्या सुरुवातीला माल आला आणि तेव्हापासून मी आपल्या ग्राहक सेवेच्या मागे आहे. फोन केला की वाट पाहायला लावून गाणे ऐकवतात, ईमेल केला की ‘जुने लाकूड म्हटले की थोडेफार असायचेच’ असे एका ओळीचे उत्तर येते. म्हणून आता हे रीतसर पत्र.

त्या एका ओळीचे आधी बघू, कारण आपल्या माणसांना मी हौशी आणि नवखी गिऱ्हाईक वाटले असावे. माझे लहानपण वाड्यात गेले आणि आता राहते त्या फ्लॅटमध्ये नवे कोरे फर्निचर जवळजवळ नाहीच. जेवणाचे टेबल मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा या जुन्या फर्निचरच्या बाजारातले आहे. स्वयंपाकघरातली मांडणी इथल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातली. दिवाणखान्यातल्या आरशाला पाडलेल्या वाड्याच्या खिडकीची चौकट आहे, तिच्यावरचा हिरवा रंग मी मुद्दाम पूर्ण घासू दिला नाही. जुन्या लाकडात काय असते, ते मला माहीत आहे. ओरखडे असतात, जुन्या खिळ्यांची भोके असतात, एखादी मूठ बाकीच्यांशी जुळत नाही, पावसाळ्यात लाकूड फुगून खण अडकतात. आपल्या कपाटाचा खालचा खण आत्ताही अडकतो. त्याची तक्रार नाही.

दुरुस्ती करताना नवे लाकूड घातले म्हणूनही तक्रार नाही. कुजलेला पाय बदलावाच लागतो. पाठ फुटली असेल तर नवी लावावी लागते. फक्त जे नवे घातले ते नवे म्हणून सांगावे, एवढीच अपेक्षा असते, आणि आपण नेमके तेच झाकले आहे.

कपाटापासून सुरू करते. त्यासोबत आपण जाड कागदावर छापलेले, सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र पाठवले. त्यावर लिहिले आहे, ‘कोकणातील वाड्यातून मिळवलेले पेशवेकालीन कपाट, अंदाजे १८९०’. पेशवाई १८१८ साली संपली, हे आमच्याकडे चौथीतल्या मुलांनाही ठाऊक असते. इतपत मी हसून सोडून दिले असते. मजकूर लिहिणाऱ्याचे इतिहासाचे पुस्तक हरवले असेल, असे समजले असते.

पण कपाट भिंतीला लावण्याआधी मागून पुसून घ्यावे म्हणून ओले फडके फिरवले, तर तपकिरी रंग फडक्याला लागला आणि त्याखालून शिक्का वर आला. आयएसआयचे चिन्ह आणि त्याच्यावर आयएस ३०३. हा भारतातल्या सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचा मानक क्रमांक आहे. आयएसआय, म्हणजे भारतीय मानक संस्था, स्थापन झाली १९४७ साली. १८९० च्या कपाटाच्या पाठीवर तिचा शिक्का आला कसा, याचा खुलासा आपण करावा. फोटो सोबत जोडला आहे.

मग मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी कपाटाला हात लावण्याआधी खाली वाकून बघितले, कारण तळाच्या कडेला कोणी पॉलिश करत नाही. तिथे बाजूच्या फळीची कड उघडीच होती. आत भुशाचा दाबून केलेला बोर्ड आणि त्याला दोन्ही अंगांनी सागाचा व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा. वरची बिजागरी काढली तर स्क्रूच्या भोकातूनही तोच भुसा निघाला. खणांचे कोपरे एकमेकांत गुंतवून सांधलेले असतील असे मला वाटले होते. ते फेविकॉल आणि स्टेपलच्या पिनांवर उभे आहेत. संकेतस्थळावर ‘हाताने घोटलेले चपड्याचे पॉलिश’ असे लिहिले आहे. मिस्त्रींनी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन आतल्या कोपऱ्यात घासले. चपडा म्हणजे लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळते, पृष्ठभाग चिकट होतो आणि बोळा पिवळसर निघतो. इथे बोळा पांढराच्या पांढरा राहिला. ‘ताई, हे पीयू आहे, गनने मारलेलं’, एवढे बोलून त्यांनी बोळा माझ्या हातात ठेवला. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा कृत्रिम लेप.

आता गंमत बघा. कपाटाची दारे मात्र खरोखर जुनी आहेत, आणि सुंदर आहेत. लाकूड जड आहे, रेघा दाट आहेत, लोखंडी खिळे होते तिथे सागात उतरतो तसा काळा डाग उतरलेला आहे. फक्त ती कपाटाची दारे नव्हेत. उजव्या दाराच्या चुकीच्या बाजूला जुन्या बिजागरीची खाच आहे, ती पुट्टीने बुजवलेली आहे. कडी-कोयंड्याचे भोक भलत्याच उंचीवर आहे. ही कोणत्या तरी वाड्याच्या खिडकीची झडपे आहेत. दोन जुन्या झडपांना आपण काच बसवली, त्यांच्यामागे नवे खोके ठोकले, आणि सगळे मिळून ‘पेशवेकालीन कपाट’ झाले.

असे का करता? ‘वाड्याच्या खिडकीच्या झडपांपासून नव्याने बनवलेले कपाट’ असे खरे लिहिले असते, तरी मी ते घेतले असते. माझ्या आरशाची चौकट तशीच आहे, हे वर लिहिलेच. वाडे पडतात, ठेकेदार तुळया-खांब-दारे उचलून नेतात, त्यातले चांगले लाकूड भट्टीत जाण्याऐवजी कोणाच्या घरात पुन्हा उभे राहते, हे काम मोलाचे आहे. फक्त खिडकीची किंमत खिडकीची असते आणि बोर्डाची बोर्डाची. अडुसष्ट हजार त्यांपैकी कशाचीच नाही.

खुर्चीचा प्रकार याहून गंभीर आहे, आणि तो तातडीचाही आहे.

खुर्ची आली त्याच आठवड्यात मागच्या पायाखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली. पुसली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेवढीच. पायाला आणि बैठकीच्या चौकटीला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आहेत. बोटाने ठोकले की त्यातून धूर निघाल्यासारखी भुकटी उडते. आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, ‘मॅडम, तुमच्या घरातली वाळवी लागली असेल.’ इथल्या घरांत येणारी नेहमीची वाळवी मातीच्या नळ्या करत येते, लाकूड आतून पोखरते आणि वर मातीचा लेप ठेवते. ती अशी नीट गोल भोके पाडून पीठ गाळत बसत नाही. हे काम लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचे आहे. त्याची अळी महिनोन्‌महिने आतच लाकूड खात राहते आणि भुंगा झाल्यावर बाहेर पडते, तेव्हा हे भोक पडते. म्हणजे घरात आल्यावर आठवड्याच्या आत ज्या लाकडातून भुंगे बाहेर पडू लागले, त्यात अळ्या आपल्या गोदामातूनच आल्या. शिवाय सागाच्या गाभ्याला ही कीड सहसा लागत नाही, ती बाहेरच्या पांढुरक्या भागाला लागते. आपल्या खुर्चीचा तो पाय पांढुरक्या लाकडाचा आहे आणि वरून गडद रंग दिला आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी मी निष्काळजीपणा म्हटले असते. पण मिस्त्रींनी त्या पायाचे पॉलिश पट्टीच्या टोकाने हलकेच खरवडले, तर आणखी भोके निघाली. ती तपकिरी मेणाने भरलेली होती. अगदी सफाईने, एकेक. भोके बुजवणाऱ्या माणसाला ती दिसत होती. कीड आहे हे कळल्यावर औषध मारण्याऐवजी त्याने मेण भरले, आणि वर आपण ‘कीडनियंत्रण केलेले’ असा हिरवा बिल्ला डकवला. कोणते औषध मारले, बोरॅक्स-बोरिकचे द्रावण दिले की सुईने आत काही सोडले, की लाकूड तापवले, आणि कधी, याचा पुरावा मला लेखी हवा आहे.

त्या खुर्चीच्या वेताबद्दलही लिहायलाच हवे. वर्णनात ‘पारंपरिक हातविणीचा वेत’ आहे. हाताने विणलेल्या खुर्चीच्या चौकटीला भोवती भोके असतात आणि एकेक पट्टी त्यांतून ओवून जाळी उठते. आपल्या खुर्चीत यंत्रावर विणलेली तयार जाळी खाचेत दाबून वरून पट्टी ठोकली आहे, आणि ती एका कोपऱ्यातून आत्ताच सुटू लागली आहे. ती पट्टी उचकटून पाहिली तर खाली जुन्या विणीची भोके रांगेने तशीच आहेत. ती वीण पुन्हा करता आली असती. खुर्च्या विणून देणारे कारागीर पुण्या-मुंबईत आजही आहेत, त्यांत अनेक अंध कारागीर आहेत आणि त्यांची वीण डोळसांना लाजवते. त्यांच्याकडे खुर्ची पाठवण्याचे पैसे आपण माझ्याकडून घेतले आणि पाठवली मात्र नाही.

झोपाळ्याची फळी उत्तम आहे. एकाच अखंड लाकडाची आहे, कडा हाताने तासलेल्या आहेत, आणि ती मला ठेवायची आहे. मात्र ‘भरीव पितळी कड्या’ पितळी नाहीत. फ्रिजवरचे चुंबक त्यांना चटकन चिकटते, पितळेला ते चिकटायला नको. लोखंडावर पितळी मुलामा आहे, आणि जोडाजवळ जिथे कड्या घासतात तिथे मुलामा उडून पावसाळी हवेत तांबूस गंज धरला आहे. ज्या कड्यांवर माणसे बसणार, त्यांच्याबाबत अशी चलाखी करू नये. घरात लहान मूल आहे. मी झोपाळा उतरवून ठेवला आहे.

आता पैशाचे. ओशिवऱ्यात किंवा जुन्या बाजारात गेले तर अशी खुर्ची मला निम्म्याहून कमी किमतीत मिळते. तिथे दुकानदार थापा मारतो, मीही घासाघीस करते, वस्तू उलटीपालटी करून बघते, आणि घरी आणल्यावर जे निघेल ते माझ्या नशिबाचे. दोघांनाही खेळ माहीत असतो. आपण जास्त पैसे मागता ते लाकडाचे नव्हेत. ‘आम्ही तपासले आहे, कीड मारली आहे, कुठून आले ते आम्हाला माहीत आहे’ या शब्दांचे ते पैसे आहेत. तोच शब्द खोटा निघाला, तर आपल्यात आणि रस्त्यावर चादर पसरून बसलेल्या माणसात फरक एवढाच, की त्याच्याकडे सोनेरी शिक्का नसतो.

आपल्या पावतीच्या मागे ‘जुन्या वस्तू परत घेतल्या जाणार नाहीत’ असे छापले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रत किंवा घडण यांबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याच कायद्यात जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकण्याचाही स्वतंत्र उल्लेख आहे. आपण नवी वस्तू जुनी म्हणून विकलीत, म्हणून आपण सुटाल असे समजू नका, पहिल्या तरतुदीत तेही बसते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. पावतीच्या मागचे वाक्य त्याच्यापुढे टिकणार नाही. त्याच नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.

माझे म्हणणे सरळ आहे. कपाट आणि खुर्ची आपल्या खर्चाने उचलून न्यावी आणि त्यांचे ₹ ९२,५०० पूर्ण परत करावेत. झोपाळ्याच्या कड्या भरीव पितळेच्या बदलून द्याव्यात, ते जमत नसेल तर कड्यांची किंमत वजा करून द्यावी, त्या मी इथल्या तांबट आळीतून घेईन. मिस्त्रींची फी आणि बाकीच्या फर्निचरला कीड लागू नये म्हणून करून घ्याव्या लागलेल्या फवारणीचा खर्चही द्यावा, दोन्हींच्या पावत्या जोडल्या आहेत. संकेतस्थळावर ही दोन्ही वर्णने अजून तशीच झळकत आहेत, कपाट तर ‘पुन्हा उपलब्ध’ आहे. दुसरे पेशवेकालीन कपाट इतक्या लवकर तयार झाले असेल, तर निदान त्याच्या खाली जुने काय आणि नवे काय एवढे लिहावे.

महिन्याभरात हे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहते तिथेच दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, हे आपल्या कायदेविषयक विभागाला माहीत असेलच.

खुर्ची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गच्चीत ठेवली आहे. ती न्यायला येणाऱ्या माणसांनी तिला दुसऱ्या कोणाच्या फर्निचरसोबत एका टेम्पोत घालू नये. कपाट उचलायला किमान चौघे लागतील, आमच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही आणि दुपारी दोन ते चार सोसायटीत सामान हलवू देत नाहीत. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा, क्रमांक ऑर्डरवर आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

सोबत : पावतीची प्रत, प्रमाणपत्राची प्रत, कपाटाच्या पाठीवरील शिक्क्याचा व तळकडेचा फोटो, खुर्चीच्या पायाची मेण काढण्याआधीची व नंतरची छायाचित्रे, भुकटीची डबी (कुरिअरने वेगळी), चुंबक लावल्याचा व्हिडिओ, मिस्त्री व फवारणीच्या पावत्या.