मिस्सा संपल्यानंतरची श्रद्धा

महोदय,
रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चुकवली नाही, एवढ्याने कॅथलिक धर्माचरण पुरे होत नाही. पावित्र्याचे पाचारण केवळ धर्मगुरू-व्रतस्थांना नसून सर्वांना आहे, हे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) ठामपणे सांगितले.

मला मोठा आधार आहे तो येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाचा. झोपण्यापूर्वी दिवस देवासमोर उलगडायचा. आधी कृतज्ञता, मग कुणाला तोडून बोललो, कुणाचे मनापासून ऐकले, ते आठवायचे. क्षमा मागायची, उद्यासाठी कृपा मागायची. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलताना पुटपुटलेली प्रार्थनाही मला तितकीच खरी वाटते.

मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेणाऱ्या पालकांनी हे आत्मपरीक्षणही त्यांच्यासोबत बसून करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक