क्विंटलचा भाव छापता, किलोचाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात रोज मार्केट यार्डाचे भाव येतात. ज्वारी, तूर, हरभरा, कांदा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, सगळे क्विंटलचे. शेतकऱ्याला आणि आडत्याला ते पुरतात. सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला मात्र त्यातून काहीच कळत नाही. तूर क्विंटलला शंभर रुपयांनी उतरली तर डाळ किलोमागे किती उतरायला हवी, हे तिला कोण सांगणार? दुकानदार नक्कीच नाही. उत्तर आहे साधारण एक रुपया चाळीस पैसे. ते कसं येतं ते खाली मांडलं आहे, कारण महागाईवरच्या चर्चेत हाच दुवा गाळला जातो.

आधी टक्केवारीचा घोळ निस्तरू. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता. आकडा खरा आहे, आणि 'मग माझा किराणा का उतरला नाही?' हा प्रश्नही खरा आहे. दर ०.२५ म्हणजे भाव आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या जवळपास तिथेच थांबले. त्याआधी चढले ते चढलेलेच राहिले. शिवाय तो सगळ्या जिनसांचा मिळून काढलेला आकडा. त्या महिन्यात भाज्या आणि डाळी आदल्या वर्षापेक्षा बऱ्याच खाली होत्या, खाद्यतेल वर होतं. ज्याच्या घरात तळण जास्त आणि भाजी कमी, त्याची महागाई वेगळी.

आता तूर. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये, म्हणजे किलोला ऐंशी. पण शंभर किलो तुरीची शंभर किलो डाळ होत नाही. तूर चाळायची, तेल-पाणी लावून मुरवायची, वाळवायची, मग भरडायची. हे सगळं नीट जमलं तर हाती येते सत्तर-बहात्तर किलो फटका (साल निघालेली, साफ) डाळ. बाकी चुनी (डाळीचा चुरा), भुसा, पावडर आणि घट. आठ हजाराला ७१ ने भागा, किलोला जवळपास ११३ रुपये झाले. चुनी-भुसा पशुखाद्यात जातो, त्याचे पैसे वजा करायचे. गिरणीची मजुरी, वीज, बारदान, हमाली, भाडं मिळवायचं. मग घाऊक व्यापाऱ्याचा आणि शेवटी किराणावाल्याचा वाटा. म्हणून 'शेतकऱ्याला ऐंशी आणि आम्हाला एवढे?' असं म्हणताना आधी ११३ शी तुलना करावी, ऐंशीशी नाही. एरवीही यार्डातल्या तुरीच्या किलोच्या भावाला ०.७१ ने भागून बघावं. त्यावर किलोमागे वीस-पंचवीस रुपये चढले तर समजू शकतं. पन्नास चढले तर मधे कुणीतरी खातंय. तूर उतरल्यावर डाळ महिना-दोन महिने उतरत नाही, त्यालाही कारण आहे: दुकानातला माल जुन्या भावाचा असतो. चढताना मात्र जुन्या मालाला नवा भाव एका दिवसात लागतो, ही तक्रार अगदी रास्त आहे.

कांद्याचं तर छापण्यातच चुकतं. 'सोलापुरात कांद्याला अमुक हजार भाव' असा मथळा येतो तो कमाल दराचा असतो, आणि तो दर मिळालेला असतो निवडक मोठ्या, कोरड्या मालाच्या थोड्याशा पिशव्यांना. सर्वसाधारण दर त्याच्या निम्म्यावरही असू शकतो. गोल्टी (बारीक कांदा) आणि ओला माल त्याहून खाली. पण गल्लीतला गाडीवाला मथळा वाचून भाव सांगतो, आणि गिऱ्हाईकही मथळा वाचूनच गप्प बसतं. खरिपाचा लाल कांदा ओला असतो, टिकत नाही. पाच किलो घेऊन आठ दिवसांत अर्धा किलो फेकायचा असेल तर भाव अकरा टक्क्यांनी वाढवून धरा. कांदाचाळीत टिकतो तो उन्हाळी.

ज्वारीबद्दल सोलापुरात काय सांगायचं! मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच जिल्ह्यातल्या घरांना भाकरी महाग पडते. उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथे ऊस आला, रब्बी ज्वारी मागे सरली. काढणी हाताने, मजुरी जास्त. कडब्याला भाव असेल तरच पेरा परवडतो. माल येतो फेब्रुवारी-मार्चात आणि तेव्हाच स्वस्त असतो. रोज एक किलो पीठ लागणाऱ्या घराला वर्षाला साडेतीन क्विंटलहून जास्त ज्वारी हवी. २०२५-२६ चा मालदांडीचा ३,७४९ रुपये हमीभाव धरला तरी तेरा हजारांच्या वर रुपये एकरकमी झाले. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर किंवा कारखान्याच्या आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एका वेळी नसते. ते घर आठवड्यापुरतीच घेतं, तेही श्रावण-भाद्रपदात चढ्या भावाने. वर्षाचं भरता येत नसेल तर निदान दोन-तीन घरांनी मिळून मार्चमध्ये एक क्विंटल घ्यावी. घेताना दाणा दाताखाली धरावा; कट्ट वाजून फुटला तर कोरडा, चेपला तर परत उन्हात. ओलसर ज्वारी कोठीत भरली की पावसाळ्यात टोके (धान्यातले किडे) होणारच, कडुलिंबाचा पाला कितीही घाला.

आता तेल, कारण फसवणूक म्हणा, चलाखी म्हणा, सगळ्यात जास्त इथे चालते, आणि तीही कायद्यात बसवून.

एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंश तापमानाला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. तापलं की तेल फुगतं, तेवढंच तेल जास्त जागा व्यापतं. पूर्वी पिशवीवर मोठ्या अंशाचं तापमान बारीक अक्षरात छापून कमी तेल 'एक लिटर' म्हणून भरता येत होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने कंपन्यांना सांगितलं की तापमान छापू नका, लिटरसोबत वजनही छापा. त्यामुळे आता पिशवीवर ९१० ग्रॅम असं लिहिलेलं सापडतं. पण दुसरी वाट उघडीच होती. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, साबण अशा काही वस्तूंच्या पुड्यांची मापं नियमाने ठरलेली असत. २०२१ च्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकली, आणि त्याबदल्यात पुड्यावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो विक्री किंमत छापणं बंधनकारक केलं. तेव्हापासून शेजारी-शेजारी ९१०, ८७०, ८५०, ७५० ग्रॅमच्या एकसारख्या दिसणाऱ्या पिशव्या लटकतात. लोक मागताना 'एक पाकीट' मागतात.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना, शेजारची ८५० ग्रॅमची १४५ ला. हात १४५ कडे जातो. हिशेब करा: किंमत गुणिले हजार, भागिले ग्रॅम. पहिली किलोला १६४ रुपये ८० पैसे, दुसरी १७० रुपये ६० पैसे. पाच रुपये वाचवायला गेलो आणि किलोमागे पावणेसहा जास्त दिले. दिवाळीच्या डब्याचंही तसंच. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दिसायला भाऊ-भाऊ, पण लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर असतं, सव्वा किलोहून जास्त कमी. २,४३० चा किलोवाला डबा २,३०० च्या लिटरवाल्यापेक्षा स्वस्त पडतो. डब्यावर 'किग्रॅ' आहे की 'लि' एवढं वाचायला चष्मा लागतो, पण वाचावं.

तेल चढलं कशाने, तेही सांगतो. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. अधिभार धरून साडेसत्तावीस. ऐन सणासुदीच्या तोंडावर. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. शुल्क वाढवलं ते सोयाबीन शेतकऱ्यासाठी म्हणून, आणि ४,८९२ हमीभाव असलेलं सोयाबीन त्या हंगामात बाजारात त्याच्या खालीच विकलं गेलं. ग्राहकाने जास्त दिले, शेतकऱ्याला पोचले नाहीत. यावर एक अग्रलेख होऊ शकतो.

पुड्यावर छापलेली प्रति ग्रॅम किंमत वाचतानाही एक अडचण आहे. ती एमआरपीवर काढलेली असते. मॉलमध्ये 'एमआरपीवर २० टक्के सूट' असेल तर छापील दर निरुपयोगी. बिलातल्या रकमेला निव्वळ वजनाने भागावं लागतं. आणि दहा रुपयांच्या पुड्याची किंमत सहसा बदलत नाही, बदलतं ते वजन. कंपन्यांच्या भाषेत ती भाववाढ नसते. पोराच्या हातातला पुडा हलका होतो एवढंच.

सुट्टा माल घेणाऱ्यांसाठी काटा महत्त्वाचा. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पाटीवर तीन आकडे असतात: मॅक्स, मिन आणि ई. किराणा दुकानात बहुधा ३० किलोचा काटा असतो, ई म्हणजे टप्पा पाच ग्रॅमचा आणि मिन १०० ग्रॅम. याचा अर्थ शंभर ग्रॅमच्या खालचं काही त्या काट्यावर तोलायचंच नाही. पण पन्नास ग्रॅम जिरं, पंचवीस ग्रॅम वेलची सर्रास त्यावरच तोलली जाते. पाच ग्रॅम इकडे-तिकडे होणं हा त्या काट्याचा दोष नाही, त्याचं मापच तसं आहे. पण पन्नास ग्रॅम जिऱ्यात तो दहावा हिस्सा झाला. मसाल्यासाठी दुकानात लहान काटा असायला हवा, तो मागावा. काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. शंका आली तर भांडत बसू नये. दुकानातलाच मिठाचा बंद एक किलोचा पुडा काट्यावर ठेवायला सांगावं. प्लास्टिकसकट एक हजार पाच-दहा दाखवलं तर काटा ठीक. एक हजार चाळीस दाखवलं तर तुम्हाला प्रत्येक किलोत तीस-पस्तीस ग्रॅम कमी मिळताहेत. मिठाईचा खोका मिठाईच्या भावात तोलणं हाही गुन्हाच. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्ह्यातलं वैधमापन (वजन-मापांचं) कार्यालय.

दुकानदाराची बाजूही लिहायला हवी. गूळ पावसाळ्यात पाझरतो, शेंगदाणे उन्हाळ्यात सुकतात, पोत्याच्या तळाशी चुरा राहतो; ही घट त्याच्या खिशातून जाते. वहीवरची उधारी दोन-दोन महिने थकते, तिचं व्याज तो पाव-पाव किलोच्या भावात लावतो. जो रोख देतो त्याने रोखीचा भाव मागावा, बहुतेक जण देतात.

जीएसटीचं थोडक्यात: २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळ-पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे, पोत्यातून सुटं तोलून घेतलं तर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं १८ वरून ५ वर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर. ११८ ची वस्तू १०५ ला यायला हवी होती. तेल, साखर, चहा आधीही पाचवरच होते, त्यांना काही फरक नाही. म्हणून एकूण किराण्यात तो दिलासा फारसा जाणवला नाही.

गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचं वजन कड्यावर कोरलेलं असतं. दोन्हींची बेरीज करून घरपोच आणणाऱ्याकडून वजन करून घ्यायचा हक्क आहे. कुणी करत नाही.

आता मागणी. आपण आठवड्यातून एकदा दहा जिनसांची किरकोळ दराची चौकट छापावी: मालदांडी ज्वारी, गहू, तांदूळ, तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाणे, साखर, गूळ, सोयाबीन तेल, कांदा. शेंगदाणे मुद्दाम घातले. सोलापूरच्या घरात शेंगाचटणीशिवाय ताट होत नाही. वार एकच ठेवा, उदाहरणार्थ मंगळवार. ठिकाणं तीन: लक्ष्मी मंडई, मंगळवार बाजार आणि जुळे सोलापुरातलं एखादं दुकान. मालाची प्रत दर वेळी तीच, भाव रोखीचा, सुटं आणि पॅकबंद वेगळं. तिन्हींची सरासरी काढू नका, मधला भाव छापा. एखाद्याने भलताच सांगितला तरी चौकट बिघडत नाही. शेजारी त्याच दिवसाचा यार्डातला सर्वसाधारण दर किलोत. तुरीसाठी तो ०.७१ ने भागून.

त्याखाली एक ओळ आणखी. केंद्राच्या श्रम ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात सोलापूर हे स्वतंत्र केंद्र आहे, त्याचा आकडा दर महिन्याला निघतो. किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत ग्राहक किंमत निर्देशांकावरूनच ठरतो. विडी कामगार बाईला तो आकडा आपल्या पानावर दिसला, तर भत्ता वाढला की नाही हे विचारता तरी येईल.

आणि चौकटीत तेल लिटरने छापू नका, किलोने छापा.

आपला,
किराणा हिशेबातला एक वाचक, सोलापूर