मिस्त्रीकाका, त्या पलंगाबद्दल

मिस्त्रीकाका, नमस्कार.

आजीच्या जुन्या पलंगातून आमच्या माशांच्या टाकीसाठी स्टँड करून दिलात, त्या दिवशी मी नुसतं 'मस्त झालंय' म्हणालो. तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून चार लोकांसमोर आभार मानतोय.

आधीचा स्टँड दुकानातून आणला होता. वरून चकचकीत, आत दाबलेला भुसा. टाकीचं पाणी बदलताना थोडं सांडतंच. एका पावसाळ्यात त्याचे पाय पावासारखे फुगले. दुकानदार म्हणाला, पाण्याने खराब झालं तर वॉरंटी नाही. माशांच्या टाकीचा स्टँड, आणि त्याला पाणी लागू द्यायचं नाही! मग एक सुतार आला. त्याने आजीच्या सागवानी पलंगाकडे धड बघितलंही नाही. 'भंगारात काढा, प्लायचा नवा करून देतो.' रेट मात्र पटकन सांगितला.

तुम्ही आलात ते थेट पलंगाच्या खुराशी बसलात, टिचक्या मारत. टाकी ३ फूट लांब, १५ इंच रुंद, दीड फूट उंच म्हटल्यावर मनातच हिशेब केलात: पाणीच दीडशे किलो, काच-रेती-दगड धरून दोनशेच्या घरात. 'हे वजन स्क्रूवर टांगायचं नाही. लाकडावर लाकूड बसलं पाहिजे, भार खुरातून सरळ जमिनीत गेला पाहिजे.' मग खाचा काय, डुलू नये म्हणून मागे मारलेला प्लाय काय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मच्छरदाणीच्या कड्यासुद्धा टाकल्या नाहीत. मागे लावल्यात, फिल्टरची वायर आता त्यांतूनच जाते.

पण हे झालं कसब. मला विसरता येत नाही तो तुमचा एक प्रश्न. पलंग माळ्यावर धूळ खात पडलेला, दोन्ही टोकांच्या फळ्या सारख्याच नक्षीच्या. करवत हातात घेऊन तुम्ही थांबलात आणि आईला विचारलंत, 'आजी उसं कुठल्या बाजूला करायच्या?' आईने दाखवली, ती फळी तुम्ही दर्शनी बाजूला घेतलीत. धूळ पुसल्यावर मधोमध काळसर गोल डाग निघाला. आजी तिथे टेकून बसायची, तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा. पॉलिश करताना बाकी सगळं घासलंत, त्याला पॉलिशपेपर लावला नाहीत. 'हे राहू दे,' म्हणालात. आई आत निघून गेली, ती चहा टाकायला नव्हे.

असं वागायला कुणी शिकवत नाही आणि बिलात त्याची ओळ नसते. हल्ली घरी कामाला येणारा आधी मोबाइलवर डिझाइनं दाखवतो; घरात कोण राहत होतं, हे विचारणारा विरळाच.

टाकी भरायच्या रविवारी तुम्ही पातळी बघायची पाणसळ घेऊन आलात, अर्धी भरल्यावर परत लावून बघितलीत, आणि त्या फेरीचा एक रुपया घेतला नाहीत. शेजारच्या काकूंचा जुना शिसवी झोपाळा दुरुस्त करायचाय, तुमचा नंबर त्यांना दिलाय. याल तेव्हा जेवूनच जायचं. आईने आधीच बजावून ठेवलंय.